बारा रिव्हेट

रावसाहेब ट्रकखाली उताणा पडून रिव्हेटची वाट बघत होता. रिव्हेट आला नाही. त्याने मान वळवून पाहिलं. भट्टीजवळ त्याची बायको पारूबाई चिमटा धरून उभी होती. चिमट्यातला लाल रिव्हेट काळा पडत चालला होता.

"अगं, दे की," तो म्हणाला.

"चाळीस फेऱ्यातच लाल झाला," पारूबाई म्हणाली. "मंगळवारी साठ लागत हुते."

रावसाहेब बाहेर आला. पारूबाई भट्टीच्या पंख्याचं हँडल फिरवताना फेरे मोजते, हे त्याला तीस वर्षं माहीत होतं. हात एका चालीत राहावा म्हणून ती मोजायची. रिव्हेट तयार झाला की नाही, हे मात्र ती रंगावरून ठरवायची.

"कोळसा तोच हाय?"

"त्याच पोत्यातला."

पंखा तोच, रिव्हेटही एकाच खोक्यातले. रावसाहेबाने वर पाहिलं. आज गुरुवार. सकाळपासून आभाळ झाकलेलं होतं. मंगळवारी दुपारी भट्टीवर डोळे दिपवणारं ऊन होतं. लोखंड उन्हात तापवलं तर त्याची लाली दिसत नाही. तयार झालेला रिव्हेटही कच्चा वाटतो, म्हणून माणूस आणखी तापवतो आणि लोखंड जळतं. जळलेला रिव्हेट बाहेरून चांगलाच दिसतो, पण आतून ठिसूळ होतो.

ही गोष्ट या दोघांना ठाऊक असायला हवी होती. चिंचोळीतल्या उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारखान्यात रावसाहेबाने एकवीस वर्षं रिव्हेट मारले. कारखाना बंद पडल्यावर अक्कलकोट रोडला स्वतःची पत्र्याची शेड टाकली. तिला तिन्ही बाजूंनी गोणपाट होतं, आत कायम अंधार. गोणपाट वाऱ्यासाठी लावलंय, असंच दोघं समजत आले. उघड्यावर भट्टी लावायची वेळ जन्मात पहिल्यांदा आली ती मेजरच्या आवारात.

मेजर म्हणजे नारायण. सैन्यात तो ड्रायव्हर होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला. पण सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला गावाने मेजरच म्हणायचं असतं. ज्या जातीचा ट्रक त्याने सीमेवर चालवला, तसाच एक जुना शक्तिमान त्याने भंगारातून आणला. चासी, म्हणजे ट्रकचा सांगाडा, एवढीच काय ती धड होती. तीही गंजलेली. बोल्ट नकोत, मूळचे होते तसे गरम रिव्हेटच हवेत, म्हणून तो रावसाहेबाला शोधत आला. सात महिने काम चाललं होतं, रिव्हेटची पाळी मात्र या आठवड्यातच आली. मंगळवारी इंजिनाखालच्या आडव्या पट्टीचे बारा रिव्हेट मारले, बुधवारी क्रेनने इंजिन आणि केबिन वर चढवली. येत्या रविवारी करमाळ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. मेजर आपल्या अठरा जुन्या सोबत्यांना याच ट्रकमध्ये मागे बसवून नेणार होता. सगळे सत्तरीच्या पुढचे.

आणि इंजिनाचं सगळं वजन त्या बारा रिव्हेटवर होतं.

पारूबाई हलक्या आवाजात म्हणाली, "चूक माझ्या डोळ्याची हाय. मीच सांगते मेजरला."

"मारले म्या," रावसाहेब म्हणाला. "मी सांगतो."

मेजर रंगाचे डबे घेऊन आला तेव्हा रावसाहेबाने त्याला सगळं सांगितलं. इंजिन पुन्हा उतरवावं लागेल, बारा रिव्हेट तोडून नवे मारावे लागतील, रविवार साधणार नाही. मेजरने डबे खाली ठेवले. आधी तो हसला. मग खाली वाकून एकेका रिव्हेटवर हातोडी वाजवून पाहिली. आवाज खणखणीत होता.

"हे काय वाईट आहेत?"

"वाजवून कळत न्हाय ते."

"मग कसं कळतं? म्हातारीच्या पाढ्यावरनं?"

डॉली धरणारा महादेवप्पा, म्हणजे रिव्हेटला मागून लोखंडी ठोकळा लावणारा रावसाहेबाचा जुना जोडीदार, दुसरीकडे बघू लागला. मेजर बोलतच राहिला. अठरा घरी फोन झालेत, एकजण तर लातूरहून मुलाला घेऊन येऊन बसलाय, पुढच्या मेळाव्याला यातले किती असतील कोणाला माहीत. त्याचं काही खोटं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बाहेरच्या बाजूचे तीन इंजिन न उतरवता तुटतात ना? तोडून दाखवा. तिन्ही पक्के निघाले तर गप रंग द्यायचा आणि रविवारी निघायचं."

बारांपैकी तीन रिव्हेटवरून बाकी नऊ ठरवायचे, हे रावसाहेबाला पटलं नव्हतं. तरी तो व्हय म्हणाला. नाही म्हणायला त्याच्याकडे फक्त चाळीस आणि साठ हे दोन आकडे होते.

महादेवप्पाने छिन्नी धरली. रावसाहेबाने घण घेतला. पहिल्या रिव्हेटचं डोकं सुटायला बावीस घाव लागले, आणि सुटलं ते सालासारखं वळत वळत. पक्का रिव्हेट असाच सुटतो.

"एक," मेजर म्हणाला.

रावसाहेब अडुसष्ट वर्षांचा होता. उजवं मनगट एकदा मोडून जुळलेलं. दुसऱ्याला सव्वीस घाव लागले. अठराव्या घावाला त्याच्या बोटांतली ताकद गेली आणि घण छिन्नीवरून घसरून महादेवप्पाच्या अंगठ्याजवळून गेला. महादेवप्पाने हात मागे घेतला नाही. दुसऱ्याचंही डोकं वळून पडलं.

"दोन. रावसाहेब, आता पुरे करा की. माझ्यावर उपकार करा."

रावसाहेबाला वाटलं, करावं पुरे. काम चांगलं झालंय असं मेजर स्वतः म्हणतोय. आपण कशाला आपल्याच कामाच्या मुळावर उठायचं? त्याने पारूबाईकडे पाहिलं. ती तिसऱ्या रिव्हेटकडे बघत होती.

"लाव छिन्नी," तो महादेवप्पाला म्हणाला.

पहिला घाव बसला. दुसऱ्या घावाला रिव्हेटचं डोकं उडालं आणि कोपऱ्यातल्या पिंपावर आपटून आवाज झाला.

मेजर जाऊन ते उचलून घेऊन आला. तुटलेल्या जागी लोखंड सपाट नव्हतं, साखरेसारखे दाणे चमकत होते. त्याने अंगठ्याने घासलं तसे दोन-तीन दाणे सुटले.

"पहिले दोन सकाळचे हुते," पारूबाई म्हणाली. "तवा भट्टीवर भिंतीची सावली हुती. ह्यो बाराच्या पुढचा."

मेजरने ते डोकं खिशात टाकलं. मग बाजूला जाऊन त्याने फोन लावायला सुरुवात केली. ट्रक येत नाही, एवढंच तो प्रत्येकाला सांगत होता. का, असं समोरच्याने विचारलं की म्हणायचा, आमचं काम कच्चं राहिलं. रावसाहेबाचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

शुक्रवारी क्रेन आली आणि इंजिन उतरलं. शनिवारी उरलेले नऊ तोडले. त्यातले सहा दोन-तीन घावांत गेले. रविवारी भट्टीभोवती ताडपत्री बांधली आणि नवे मारायला घेतले. करमाळ्यात मेळावा सुरू झाला असेल त्या वेळी मेजर ताडपत्रीचा दोर धरून उभा होता, कारण वारा सुटला होता. पारूबाई रिव्हेट देत होती, महादेवप्पा मागून डॉली दाबून धरत होता, रावसाहेब मारत होता. लाल रिव्हेट छिद्रात गेल्यापासून सात-आठ घावांत डोकं बनलं पाहिजे. नंतर तो काळा पडतो.

अकरा नीट बसले. बाराव्याला चौथ्या घावावर रावसाहेबाचं मनगट लचकलं. त्याने डाव्या हाताने मारून पाहिलं, पण तोवर लाली गेली होती. डोकं अर्धंच बनलं, एका बाजूला कलतं.

"साकु," महादेवप्पा कानडीत म्हणाला. पुरे, बसला.

मेजरने दोर खांबाला बांधला आणि खाली वाकून पाहिलं. "चालेल का?" त्याने विचारलं. या वेळी त्याने खरंच विचारलं होतं.

"न्हाय," रावसाहेब म्हणाला.

मेजरने अंगातला शर्ट काढून ठेवला आणि बारावा तोडायला घण उचलला. रावसाहेबाने दुखरा हात पोटाशी धरला आणि डाव्या हाताने छिन्नी लावली. घण या माणसाने कधी मारला नव्हता, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. पहिला घाव अलगद पडला. छिन्नी जागची हलली नाही.

"माझी बोटं वाचवत मारू नगा," रावसाहेब म्हणाला. "मारा."