एकदाच विचारलं तर

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर घड्याळ बघत होता आणि मी शेजारच्या काकूंकडे बसून नको नको म्हणत पोहे खात होते. सांगलीहून मुंबईचा विमानतळ गाठायचा म्हणजे दिवस जातो हे काकूंना माहीत होतं, पण मी उपाशी परदेशी गेले असं त्यांना कुणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. मी ताटलीवर हात धरला तर त्या हाताच्या कडेने वाढत होत्या. शेवटी बाबांनी हाक मारली. गाडीत बसताना ते म्हणाले, "कुणी काही विचारलं की पहिल्याच खेपेला हो म्हणू नकोस. हावरट दिसतं." आई लगेच म्हणाली, "आणि भिडेपोटी उपाशीही राहू नकोस. भीड भिकेची बहीण." दोघांचे दोन सल्ले घेऊन मी निघाले.

तिकडे राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारख्याच जगभर पांगलेल्यांना सांगते, बाबांचा सल्ला सिंगापूरला आल्याआल्याच अंगाशी आला. माझी मॅनेजर हेलन इंग्लंडची. तिने मला बुओना व्हिस्टाला तिच्या कॉन्डोवर बोलावलं, सुंदर केक समोर ठेवला आणि विचारलं, घेणार का? मी म्हटलं, नको. ती "ओके" म्हणाली आणि केकवर झाकण ठेवून दिलं. त्या झाकणाकडे मी किती वेळ बघत बसले होते ते माझं मलाच माहीत. परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पोटात कावळे ओरडत होते आणि मनात एकच विचार, काय ही चिक्कू बाई.

हेलन चिक्कू नाही हे कळायला बराच काळ गेला. मी नको म्हटलं तर मला खरंच नको असणार, यावर तिचा पूर्ण विश्वास असतो. पुन्हा विचारणं म्हणजे माझा शब्द खोटा पाडणं. आमच्याकडे ज्याला जिव्हाळा म्हणतात त्याला ती आगाऊपणा म्हणेल. उलट दार धरलं, पाणी दिलं, स्टेपलर सरकवला की थँक्यू. बाबांना मी पाण्याच्या ग्लासासाठी थँक्यू म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, "काय गं, रागावलीस का?"

मग आमच्या पाया लेबारच्या ऑफिसात समिया आली. ती अम्मानची, अरबी बोलणारी. जहाजांच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर आम्ही दोघी शेजारी बसून तपासायचो. पहिल्याच दिवशी तिने डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली, म्हणजे त्यांचा तो खुब्ज, आत वांगं भरलेला. मी नको म्हटलं. तिने पुन्हा पुढे केला. मी पुन्हा नको म्हटलं. तिने तो सरळ माझ्या हातात ठेवला आणि मी खाल्ला. घर सोडल्यापासून कुणीतरी पहिल्यांदा मला नीट विचारलं होतं. मला भरून आलं आणि मी ते तिला सांगितलंही.

तिघीही इंग्रजीच बोलायचो, तरी मी मध्ये बिनपगारी दुभाषी झाले. समियाच्या मेलमध्ये आधी तुम्ही कशा आहात, घरचे कसे आहेत, तब्येत बरी ना, असं सगळं येई आणि काम अगदी तळाशी. हेलन ते वरवर वाचायची आणि तळापर्यंत पोचायचीच नाही. हेलन लिहायची, "जमलं तर यावर पुन्हा एकदा नजर टाकशील का?" समियाला वाटायचं, जमलं तर. मी तिला सांगितलं, अगं, याचा अर्थ आज संध्याकाळच्या आत.

आमचं ते प्रोजेक्ट संपत आलं तेव्हा मात्र गंमत संपली. समियाचा इथे राहून नोकरी करायचा पास त्या कामापुरताच होता. नवीन टीममध्ये तिला जागा मिळाली नाही तर नवऱ्याला आणि मुलाला घेऊन परत जावं लागणार होतं, आणि मुलगा इथल्या शाळेत नुकता कुठे रुळला होता. हेलनने तिला बोलावलं आणि म्हणाली, नव्या टीमची प्रमुख होशील का? समिया म्हणाली, "तुमचा मोठेपणा आहे, पण माझ्याहून लायक लोक आहेत." हेलनने मान डोलावली आणि दुसरी माणसं बघायला घेतली.

समिया वाट बघत राहिली. तिला खात्री होती की हेलन पुन्हा विचारेल. आठवडा गेला, हेलन बाहेरच्यांच्या मुलाखती घ्यायला लागली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अगं, जाऊन सांग तिला, मला हवंय म्हणून."

"नाही, हबीबती," ती म्हणाली. "ज्याला खरंच हवं असतं तो एकदाच विचारत नाही. तिने उपचार म्हणून विचारलं. आता मागायला जाऊ आणि तिला अडचणीत टाकू?"

माझ्या बाबांनीही हेच केलं असतं. मी दोन दिवस स्वतःला बजावत होते, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाऊ नकोस. पण समिया गेली असती तर माझ्या शेजारच्या खुर्चीत मग कोण बसणार होतं, या विचाराने जीव कासावीस व्हायचा. शेवटी मी हेलनच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, तिला पुन्हा विचार.

हेलन चपापली. "ती नाही म्हणाली आहे. पुन्हा विचारणं म्हणजे दबाव आणणं झालं."

"तू एकदाच विचारलंस, म्हणून तिला वाटतंय की ती तुला नकोच आहे."

"मला तीच हवी आहे."

"मग तसं सांग. ती पुन्हा नाही म्हणेल. तरी थांबू नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी प्यायला गेलो. हेलनने विचारलं. समिया हसून म्हणाली, "इतका मान दिलात तेवढं पुरे, पण मला नाही जमणार." हेलनचे कान लाल झाले. भर रस्त्यात आरडाओरडा करायला सांगितल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. मॅनेजरचा पाय दाबायची ती माझी पहिलीच वेळ.

"समिया," हेलन म्हणाली, "मी तीनजणांना भेटले. मला त्यांच्यातलं कुणी नकोय. मला तू हवी आहेस. कृपा करून नाही म्हणू नकोस."

समियाने छातीवर हात ठेवला. "आता मी नाही कशी म्हणू," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. हेलन घाईघाईने टिश्यू शोधत होती. मी तेवढ्यात जाऊन नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट घेऊन आले, कारण आनंदात माणसाला काय करावं ते सुचत नाही.

नवा पास हातात आला तेव्हा समियाने आम्हाला आंग मो किओच्या तिच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. माझ्यासाठी तिने वांगी आणि फ्लॉवर घालून मक्लूबा केला होता. मसाल्याच्या भाताचं अख्खं भांडं परातीत उलटं करतात, तो प्रकार. तिने हेलनला भरपूर वाढलं. ताट रिकामं झालं तसं समियाने विचारलं, "आणखी?"

"नको, थँक्यू," हेलन म्हणाली, हात मांडीवर ठेवून शांत बसली आणि वाट बघायला लागली. ती आमची रीत शिकली होती.

पण समिया आता टीमची प्रमुख होती आणि हेलनची रीत शिकली होती. "ओके," ती म्हणाली आणि भांड्यावर झाकण ठेवायला वळली.

हेलनचा चेहरा बघून मला हसू आवरेना. इतकी वर्षं घर म्हटलं की मला सांगलीच आठवायची, इथे होता तो नुसता फ्लॅट. आईला फोनवरसुद्धा मी "फ्लॅटवर पोचले" असंच सांगायची. समियाच्या हातातला डाव मी कधी घेतला, झाकण कधी बाजूला ठेवलं ते माझं मलाही कळलं नाही. तिचं स्वयंपाकघर, तिचा भात, तिची पाहुणी, आणि मी कुणालाही न विचारता वाढत होते. पाहुण्यांना असं वागता येत नाही.

हेलनने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून थोडा," ती म्हणाली.