दगडावर नसलेले आठवे नाव

तुमच्या गावच्या स्मारकावरची नावे तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचली आहेत का? मीही वाचली नव्हती. दगडच चोरीला गेला, तेव्हा तक्रारीत ती लिहून घ्यावी लागली. ते प्रकरण पोलिसातून निवृत्त झाल्यावरही माझ्या मनातून जात नाही.

संग्रामपूर तालुक्यातले सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या सात जणांची नावे त्या दगडावर होती. दर पंधरा ऑगस्टला गुरुजी एकेक नाव पुकारत आणि त्या घरातला माणूस 'हजर' म्हणे. स्मारकाचा ओटा दुरुस्तीला काढला होता. भिंतीला टेकवून ठेवलेला दगड झेंडावंदनाच्या आठ दिवस आधी गायब झाला.

सरपंच तापले होते. मी गुन्हा नोंदवला आणि सवयीने भंगारवाल्यांना ठाण्यात आणून बसवले. गरिबावर आधी संशय घ्यायचा, ही आमच्या खात्याची जुनी खोड. त्यांच्याकडे काहीच नव्हते.

मग एका जीपवाल्याने खबर दिली. बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने पोत्यात गुंडाळलेला दगड त्याच्याच जीपमधून खामगावला पाथरवटाकडे नेला होता. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नसते, म्हणून महिला शिपायाला घेऊन मी तिच्या घरी गेलो.

"आजी, दगड काऊन नेला?"

"माह्या बापाचं नाव टाकाले. पन तो पाथरवट म्हने, पंचायतीचं पत्र आन, तवर दगड इथंच राहू दे."

"वडील सत्याग्रहात होते, याला पुरावा?"

तिने माझ्या टोपीकडे पाहिले. "तुमच्याच ठाण्यानं कोंडलं होतं त्याले. मले काय इचारता? तुमचे कागद पाहा ना."

मी ठाण्यात परतलो. अडगळीच्या खोलीत शिक्षा झालेल्यांची जुनी नोंदवही होती. राखीव जंगलात गवत कापले म्हणून एकाच दिवशी आठ जणांना शिक्षा झाली होती. आठवे नाव तिच्या बापाचे होते. इंग्रजांच्या पोलिसांनी त्याला आरोपी म्हणून का होईना, लिहिले. स्वतंत्र देशात दगडासाठी यादी करणारे मात्र त्याच्या वस्तीत गेलेच नाहीत.

नक्कल सरपंचांपुढे ठेवली.  त्यांनी ती वाचली आणि आठवे नाव कोरण्यासाठी पाथरवटाला पत्र लिहिले. चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी कोर्टात पाठवला.

पंधरा ऑगस्टला आठवे नाव पुकारले गेले. इतकी वर्षे कडेला उभी राहणारी ती म्हातारी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "हजर."

देशाचा इतिहास दगडावर कोरला की तो पुरा झाला, असे मी मानत होतो. आता मानत नाही. कोणाला विचारले नाही, हेही तपासावे लागते.

म्हणून एक करा. येत्या पंधरा ऑगस्टच्या आधी आपल्या गावच्या स्मारकावरची नावे उतरवून घ्या आणि ती गावातल्या प्रत्येक वस्तीत वाचून दाखवा. कोणी म्हणाले, "आमचा माणूस यात नाही," तर जुनी नोंदवही पाहण्यासाठी ठाण्यात अर्ज द्या. ती वही रद्दीत जाण्याच्या आत द्या.