दोन सूर्यांची शाळा

माझी शाळा एका गाजरापायी सुटली. पहिलीत होते. हिवाळ्याचे दिवस, आणि शेजारी बसणारी मैत्रीण तिचे वडील राबायचे त्या शेतातली गाजरं दप्तरात घालून आणायची. मधल्या सुट्टीत तिनं अर्धं मोडून मला दिलं. मी ते खाल्लं, इथपर्यंत ठीक होतं. पण घरी येऊन मी आईला सांगितलं की गाजर काय गोड असतं म्हणून!

आमचं घर जैन. जमिनीखाली वाढणारं काहीही उंबरठ्याच्या आत येत नसे. कांदा, बटाटा, मुळा, गाजर, सगळ्यांत अनंत जीव. आईनं मला पाच वेळा चूळ भरायला लावली आणि बाबांना सांगू नकोस म्हणून बजावलं. पण जीभ लालभडक होती. बाबांनी विचारलं आणि मी सगळं ओकले. वर आणखी भर घातली की शाळेत पोरं पाटी थुंकीनं पुसतात. ज्ञानावर थुंकतात! बाबांना चक्कर यायचीच बाकी राहिली.

"आज गाजर खाल्लं, उद्या पोरगी अंडं खाईन," ते आईला म्हणाले. "बंद कर शाळा. मी शिकोतो घरी."

बाबांचं मालेगावात वाशीम रस्त्याला कापडाचं दुकान होतं. स्वतः ते सातवीला दोनदा बसून दोनदा उठलेले. पण धर्माची पुस्तकं वाचायचे, देवळात चार लोकांपुढे बोलायचे, आणि चार लोक मान हलवतात म्हणजे आपण पंडित, असा त्यांचा पक्का समज होता. दुकानामागच्या खोलीत शाळा भरू लागली. विद्यार्थी दोन, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. पाटी पुसायला गाळलेल्या पाण्याची वाटी आणि धुतलेला फडका. रविवारी सुट्टी नाही. सुट्टी अष्टमी-चतुर्दशीला, कारण त्या दिवशी बाबांचा उपवास असे आणि उपाशी मास्तर कुणाच्याच कामाचा नसतो.

बाबांनी सरकारी पुस्तकं आणली खरी, पण आधी ती स्वतः शुद्ध करून घेतली. कणकेची खळ करून त्यांनी अंडी, मासे, कोंबड्या, कांदे अशा सगळ्या चित्रांवर कोरे कागद चिकटवले. पुस्तक फुगून पोळ्याच्या बैलासारखं झालं. कोळ्याच्या धड्यात नुसता माणूस आणि पाणी तेवढं उरलं होतं. भाऊ विचारायचा, हा माणूस पाण्यात काय करून राह्यला? बाबा म्हणायचे, आंघोळ.

दर धड्यात गिऱ्हाईक यायचं. एकदा सत्य कसं बोलावं हे शिकवता शिकवता बाबा उठून पुढे गेले आणि एका बाईला लाल छिटाचं कापड दाखवू लागले. "धुतलं तरी रंग जात नाही बाई, माह्या जिम्मेदारीवर न्या." त्याच ताग्याचा माझा फ्रॉक आईनं त्या सकाळीच धुतला होता आणि बादलीतलं पाणी अजून लालच होतं. बाबा परत आले आणि धडा जिथं सोडला होता तिथून पुढे सुरू झाला.

रोज साडेदहाला मैत्रीण आमच्या दारावरून शाळेत जायची. तिचे वडील मजूर होते, नव्यानं बौद्ध झालेल्या घरातले. तिच्या आजोबांना शाळेच्या पायरीवरही उभं राहू दिलं नव्हतं, म्हणून तिचे वडील तिला ताप असला तरी शाळेत धाडायचे. आणि आमचे बाबा! सात पिढ्या पाट्या-पोथ्यांतच लोळलेल्या, शाळा चार घरांपलीकडे, तरी पोरीला कापडाच्या गठ्ठ्यांत कोंडून बसलेले. ती मला खिडकीतून हाक मारायची, "काहून येत नाही वो तू?" मी म्हणायची, आमची शाळा घरीच आहे. ती म्हणायची, "घरी कुटी शाळा असते?" मला तिचा राग यायचा, कारण तिचं बरोबर होतं.

तरी एक गोष्ट कबूल करते. बाबांच्या भूगोलावर माझा जीव होता. पृथ्वी ताटासारखी सपाट, मधोमध मेरू पर्वत, आणि त्याच्याभोवती दोन सूर्य आणि दोन चंद्र फिरतात. आज उगवला तो सूर्य उद्या उगवत नाही, उद्या दुसरा येतो. चंद्रावर माणूस गेल्याच्या बातम्या तेव्हा ताज्याच होत्या. बाबा म्हणायचे, ते कुठल्यातरी डोंगरावर उतरले आणि चंद्र समजून माती घेऊन आले. मी सकाळी ओट्यावर उभी राहून भावाला दाखवायची, हा कालचा नाही रे, हा दुसरा, हा जरा रागीट आहे. चार वर्षं मी त्या दोघांना वेगवेगळं ओळखत होते. आभाळाबद्दल आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे, ही गंमत होती त्यात.

मग आमच्या आत्याच्या मुलीचं स्थळ मोडलं. मुलाकडच्यांनी रंग पाहिला, स्वयंपाक पाहिला आणि शेवटी शाळेचा दाखला मागितला. तीही घरीच शिकलेली. दाखला नाही म्हटल्यावर ते चहा पिऊन निघून गेले. बाबांचा धर्म गाजरापुढे वाकला नव्हता, तो दाखल्यापुढे आडवा झाला. आठ दिवसांत मला तेल-वेणी करून ते हेडमास्तरांपुढे घेऊन गेले. पाचवीत बसवा म्हणाले. मैत्रीण पाचवीतच जाणार होती. तिनं बाकावर माझ्यासाठी जागाही सांगून ठेवली होती. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

हेडमास्तर म्हणाले, घरी शिकली आहे तर चाचणी घ्यावी लागेल. वाचायला लावलं, मी धडाधडा वाचलं. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी, काही अडलं नाही. शिपाईसुद्धा दारात येऊन ऐकू लागला. बाबा खुर्चीत फुगले. आता एकच प्रश्न, हेडमास्तर म्हणाले. "बेटा, दिवस आणि रात्र कशामुळे होतात?"

एवढंच? मी मेरू पर्वतापासून सुरुवात केली. दोन्ही सूर्य फिरवले, दोन्ही चंद्र फिरवले, आज वर आहे तो परवा परत येणार हेही सांगितलं. हात करून ताट दाखवलं. माझं संपलं. मग शिपाई फिसकन हसला.

"हे कोणी शिकवलं तुला?" हेडमास्तरांनी विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बाबा उठतील. देवळात बोलतात तसं बोलतील आणि या माणसाला दुसरा सूर्य समजावून सांगतील. मी अभिमानानं वाट पाहत होते.

बाबा हसले. गिऱ्हाईकाशी हसतात तसं.

"लेकरू हाये साहेब. मायच्या तोंडचं आयकते काहीबाही. बाया कायच्या शिकलेल्या?"

माझ्या आईनं जन्मात मला सूर्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. ती बिचारी चार वर्षं आमच्या पाट्यांचं पाणी गाळत होती. मी म्हणणार होते की तुम्हीच शिकवलं, पण बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली फरशीकडे बघू लागले. इतका राग मला पुढे कुणाचाच आला नाही.

"चौथीत बसवू," हेडमास्तर म्हणाले. "एका वर्षात एक सूर्य कमी झाला की पाचवीत घेऊ."

बाहेर आल्यावर मी रडत होते. मैत्रीण पुढे गेली, जागा गेली, एक वर्ष गेलं. बाबा झपाझप पुढे निघाले. शेवटी मी विचारलं, "बाबा, सूर्य किती हायेत?"

ते जरा थांबले. आजूबाजूला पाहिलं. "शाळेत एक," ते म्हणाले, "घरी दोन."

घरी गेल्यावर आईला त्यांनी सांगितलं की पोरगी घाबरली, म्हणून चौथीत घेतली. पाढे, वाचन आणि गप्प बसणं, एवढं घरच्या शाळेत माझं चांगलं पक्कं झालं होतं.

भावाची शाळा मात्र घरीच चालू राहिली. मुलाला दाखला कोण मागतं? चौथीत माझे दोन-तीन महिने झाले असतील. मी एकाच सूर्याखाली जाऊन येत होते. एका सकाळी तो ओट्यावर उभा होता. माझं दप्तर ओढून म्हणाला, "ताई, हा कालचा व्हय का दुसरा?"

मी चपला घालत होते. दुकानात बाबांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबाले विचारजो," मी म्हटलं. "पन पह्यले पाह्यजो, त्यायच्यापाशी कोन बसलं हाये ते."