वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, रिटायर झाल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, कारण हाताला काम नाही. मी तिला तसंच वाटू देतो. सावेडीतल्या या फ्लॅटच्या गॅलरीत सकाळी पेपर घेऊन बसतो, आणि पेपरचं पानही उलटलं जात नाही. तुम्ही मला ओळखत नाही — बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे ही गोष्ट तोंडातून निघाली नसती.

मी पोलीस हवालदार होतो. शेवटची काही वर्षं प्रवरेकाठच्या एका ठाण्यात लिहिण्याच्या कामावर. ठाण्याचं नाव घेत नाही. जबाब लिहिणं, फॉर्म भरणं, आवक-जावक रजिस्टर सांभाळणं हे माझं काम. अक्षर चांगलं म्हणून साहेब लोक मला टेबलावरून हलू देत नसत. त्या अक्षराचा मला अभिमान होता. होता — असंच म्हणतो आता.

सांगायचं आहे ते अशोक साळवेबद्दल. खरं तर माझ्याबद्दल. पण त्याच्यापासून सुरुवात केली की मला जरा सोपं जातं.

अशोक शाळेची बस चालवायचा. कोल्हारच्या अलीकडच्या एका खेड्यातला, पस्तिशीचा, बारीक अंगाचा माणूस. नऊ वर्षं एकच बस, एकच रस्ता. शेवटचं पोर सीटवर बसल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, असं त्याच्याबद्दल गावात सांगायचे. एका सकाळी आमच्या माणसांनी त्याला बसमधून उतरवून ठाण्यात आणलं. मुलं बसमध्येच होती. तो म्हणाला होता, "एवढी शाळेत सोडून येतो, मग चला." त्याला सोडू दिलं नाही. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत पोरं खिडकीतून बघत राहिली.

गुन्हा गंभीर होता. वस्तीवर दरोडा पडला होता, एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं होतं. दरोडेखोरांपैकी एकाचा हात खिडकीच्या काचेनं कापला होता आणि चौकटीवर रक्त सांडलं होतं. त्या रक्ताशी जुळवायला अशोकचं रक्त घ्यायचं ठरलं. मी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. कार्डावर रक्ताचे थेंब घेतले, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, फोटो काढला. बोटांचे, तळव्यांचे ठसे ठाण्यात आधीच झाले होते. त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे उलटेसुलटे करून धरले आणि म्हणाला, "हवालदार साहेब, हाताला खरचटलेलं तरी दिसतंय का कुठं?"

नव्हतं दिसत. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही दिसलं नसतं.

मग त्यानं विचारलं, "हे रक्त मला परत कधी मिळणार?" बरोबरचा शिपाई हसला. मीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता. पुढची अडीच वर्षं तो माणूस तोच प्रश्न विचारत राहिला, फक्त अर्जाच्या भाषेत.

अकराव्या दिवशी खरा आरोपी सापडला. शेजारच्या जिल्ह्यात, हाताला टाके पडलेला. त्याचंही नाव अशोक साळवेच. नावाच्या सारखेपणामुळे गफलत झाली असं कागदोपत्री लिहिलं गेलं आणि आमचा अशोक सुटला. कुणी माफी मागितली नाही. साहेब एवढंच म्हणाले, "जा आता, घरी वाट बघत असतील."

घरी म्हणजे त्याची बायको, संगीता. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन ठाण्यात आली होती. आवारातल्या लिंबाखाली दिवसभर बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "ह्यांच्या अंगावर एक जखम दाखवा, भाऊ. दाखवा आन् मग ठिवा तुमच्यापाशी." मी तिला पाणी दिलं. पाणीच दिलं फक्त.

माझ्या नावावर दोन गोष्टी आहेत. एक लहान, एक मोठी. लहान आधी सांगतो — माणूस असंच करतो ना?

सुटल्यावर महिनाभरानं अशोक अर्ज घेऊन आला. स्वतःच्या हातानं, रेघा आखून लिहिलेला. खटला न चालता सुटलेल्या माणसाचे ठसे, रक्त, सगळे नमुने आणि त्यांची नोंद नष्ट करायची असते, हे त्यानं शोधून काढलं होतं. तालुक्याच्या कोर्टात मोफत सल्ला देणाऱ्या एका तरुण वकीलबाईकडून. अर्जात रागाचा एक शब्द नव्हता. "माझे नमुने माझ्या संमतीशिवाय ठेवण्याचे आता कारण उरलेले नाही," असं वाक्य होतं. मी एकतीस वर्षं सरकारी मराठी लिहिली, असं वाक्य मला कधी सुचलं नाही.

अर्ज मी घेतला. आवक रजिस्टरला नंबर टाकला, पोच दिली. आणि तो कधीच वर पाठवला नाही.

का नाही पाठवला ते मोठ्या गोष्टीत येईल. तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. "जय भीम, साहेब. काही आलं का?" मी म्हणायचो, "पाठवलाय. वरून उत्तर नाही." मी त्याला खुर्ची द्यायचो. चहा मागवायचो. आमच्याकडे असल्या माणसाला कुणी खुर्ची देत नाही, तो तसाच उभा असतो. मी द्यायचो. तुम्हाला कळलं असेल का द्यायचो ते.

आणि अर्ज माझ्या कपाटात असताना बाहेर काय होत होतं? दोन वेळा त्याला पुन्हा बोलावलं. एकदा सोसायटीचं गोडाऊन फुटलं म्हणून, एकदा दुसऱ्या वस्तीवरच्या चोरीसाठी. कुणाकुणाचे नमुने आपल्याकडे आहेत त्याची यादी निघायची, आणि यादीत त्याचं नाव. सकाळी येऊन बसायचा, संध्याकाळी "जा" म्हटलं की जायचा. बाकावर बसून वाचायचा. कायद्याचं छोटं पुस्तक असायचं, कागदाचं कव्हर घातलेलं.

मग शाळेनं ड्रायव्हर लोकांची पोलीस पडताळणी मागितली. त्याच्या कागदावर शेरा गेला — संशयित म्हणून अटक, नमुने अभिलेखावर. शेरा मीच लिहिला. सुटल्याचंही लिहिलं होतं, पण खाली, बारीक. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, तरी पालकांपुढे त्यांचं चाललं नाही. नऊ वर्षांची बस गेली. तो पेरूचा टेम्पो चालवायला लागला, बागेतून राहात्याच्या मार्केटला. पुढच्या बाजारी आला तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, "चाललंय. पेरू गप बसत्यात. पोरं लई बोलायची."

त्या दिवशी तरी अर्ज पाठवायला हवा होता. नाही पाठवला.

एकदा तो बरोबर एका माणसाला घेऊन आला. पाथर्डीकडचा ऊसतोड मजूर, असाच चुकून उचललेला, सोडलेला, सही न येणारा. अशोकनं त्याचा अर्ज लिहून आणला होता. मला म्हणाला, "माझा राहू द्या साहेब मागं. ह्याचा आधी बघा. पट्टा पडला, कारखाना बंद झाला की हा गावाकडं जाईल, मग कुठं हेलपाटे घालंल?" मजुराचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी पाठवला. त्यात मला भीती नव्हती. दोन महिन्यांत त्याचं काम झालं. अशोक पेढे घेऊन आला — दुसऱ्याच्या कामाचे. स्वतःचा अर्ज अडकलेला, आणि चेहरा असा की पोराचा निकाल लागलाय.

मी नोकरीत चांगले अधिकारी पाहिले, शूर म्हणावेत असे शिपाई पाहिले. पण एवढा सरळ उभा राहिलेला माणूस दुसरा पाहिला नाही. तो कधी ओरडला नाही, कधी पायाही पडला नाही. दोन्ही गोष्टी आमच्या दारात रोज चालतात.

शेवटी तो कोर्टात गेला. वकीलबाईंनी बाजू मांडली. कोर्टानं आदेश दिला — नमुने आणि नोंदी नष्ट करा, तसं लेखी कळवा. ते पत्र मलाच तयार करावं लागलं. जावक नंबर टाकला, त्याच दिवशी पाठवलं. सहा आठवड्यांत नष्ट केल्याचं पत्र आलं. अडीच वर्षांचं काम सहा आठवड्यांचं होतं. अशोकनं त्या पत्राला प्लास्टिकचं कव्हर करून घेतलं. शाळेनं मात्र तोवर दुसरा ड्रायव्हर ठेवला होता.

पुढच्या महिन्यात मी रिटायर झालो. ठाण्याच्या आवारात छोटा कार्यक्रम होता. शाल, नारळ, भाषणं. नवे साहेब म्हणाले, कुणाला बोलायचंय का. मागच्या रांगेतून अशोक उठला. मला वाटलं, आता हा सगळं बोलणार. खरं सांगू? बोलला असता तर सुटलो असतो.

तो म्हणाला, "मी ह्या ठाण्यात लई वेळा आलो. मनानं एकदाबी आलो न्हाई. पर ह्या हवालदार साहेबांनी मला कधी उभं ठिवलं न्हाई. दर वेळी खुर्ची दिली. तेवढं सांगायचं हुतं."

टाळ्या वाजल्या. माझ्या बायकोनं डोळे पुसले. मी हात जोडले. तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर तो फाटकाशी थांबला होता. टेम्पो बाहेर उभा. मी गेलो तसा हळूच म्हणाला, "साहेब, माझा अर्ज वर गेलाच न्हवता. माहितीच्या अधिकारात रजिस्टरची नक्कल घेतली मी. आवक नंबर हाय, जावक न्हाई. वर्ष झालं मला म्हाईत हाय."

वर्षभर. म्हणजे वर्षभर तो माझ्यासमोर बसून चहा प्यायला, "काही आलं का" म्हणून विचारत राहिला, आणि मी म्हणत राहिलो, पाठवलाय.

"मग मघाशी असं का बोललास?" मी विचारलं.

"खुर्ची दिली ते खरं हाय ना? खरं हाय तेवढंच बोललो."

मग त्यानं खिशातून एक झेरॉक्स काढली. दवाखान्यात मी भरलेल्या फॉर्मची. रक्त घेताना भरलेला तोच फॉर्म. त्यानं नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाकी सगळे रकाने तुमी पुरे लिहिल्यात. गाव, शिक्षण, उंची, तीळ. माझ्या बापाचं नाव तेवढं अर्धं का?"

तिथं लिहिलं होतं — अशोक भि. साळवे.

मी म्हणालो, "घाईत राहिलं असेल."

त्यानं फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. "व्हय, घाई असती तुमाला," म्हणाला, जय भीम केला आणि टेम्पोत बसून गेला.

आता मोठी गोष्ट.

घाई नव्हती. म्हाताऱ्याच्या मुलाचा जबाब मीच लिहिला होता, अटकेच्या आदल्या दिवशी. त्यानं संशय घेतला तो दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कामाला असलेल्या अशोक भिकाजी साळवेवर. पूर्ण नाव सांगितलं होतं, मी पूर्ण लिहिलं होतं. मग उचलायला जाणाऱ्या माणसांसाठी चिठ्ठी लिहिली, तिच्यात मी आळसानं 'भि.' एवढंच लिहिलं. त्या चिठ्ठीवरून ते आमच्या अशोकच्या बसपाशी गेले.

इथपर्यंत चूक. चुका होतात.

दवाखान्यात फॉर्म भरताना मी त्याला विचारलं, "वडिलांचं नाव?" तो म्हणाला, "भीमराव." माझं पेन थांबलं. समोर बिनजखमेचे दोन हात, कानात भीमराव, आणि डोक्यात मी स्वतः लिहिलेला भिकाजी. सगळं एका क्षणात कळलं. रक्त अजून घेतलं नव्हतं. नर्स सुई काढत होती. माझ्या खिशात फोन होता. एक फोन, आणि तो दुपारच्या फेरीला बसवर असता.

पण साहेबांनी आरोपी सापडल्याचं वर कळवून टाकलं होतं. साहेब तापट होते. चिठ्ठी माझ्या अक्षरात होती.

मी त्या रकान्यात 'भीमराव' लिहिलं नाही. पुन्हा 'भि.' लिहिलं. ऱ्हस्वच. म्हणजे कागदाला कागद जुळला. मग नर्सला म्हणालो, घ्या.

अर्ज कपाटात ठेवला तो याच भीतीनं. वर गेला असता तर कुणीतरी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले असते.

अशोक आजही राहात्याला पेरू घेऊन जातो. मागच्या महिन्यात मला मार्केटच्या फाटकापाशी दिसला. त्यानंच हाक मारली, चहा सांगितला, बायकोची तब्येत विचारली. दोन मजुरांचे अर्ज लिहायला घेतलेत म्हणाला. मी चहा पीत त्याच्यासमोर बसलो होतो. माझ्याकडे वेळ होता. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं.

मी सांगितलं नाही.

तो अकराव्या दिवशी सुटला. मला पहिल्या दिवशी माहीत होतं.