तंबाखूवर चाललेली सायकल

“आप्पा, कंदिलाला काडी वढू नगा, दादा आलाय!” बेळगावजवळच्या शहापुरातल्या आमच्या दारातनं बहीण किंचाळत होती. सायकलनं पुणं गाठून चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या आत परतलो तर सायकल माझी, नाहीतर ती विकायची, असं आप्पांनी बजावलं होतं. परतताना निपाणीत टायर असा फुटला, की बेळगावच्या किल्ल्यातले गोरे शिपाई बंदुका घेऊन धावले असतील! मी तिथल्याच तंबाखूच्या बाजारातली पानं टायरात कोंबली आणि सुटलो. मागं लागलेली कुत्री शिंकत शिंकत गावोगाव माघारी गेली. आजही तंबाखूच्या वासानं माझी छाती फुगते. तेव्हा मात्र आप्पांनी कंदील तसाच खाली ठेवला, चाक हुंगलं आणि म्हणाले, “सायकल तुझी. तंबाखू काढ हिकडं.”