कर आमचा, रस्ता धानोऱ्याचा

माझं लग्न होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा यांनी भाड्याने चालवायला मोटार घेतली. आमचं गाव कोरीटच्या पलीकडे, तापीच्या अंगाला. तिथून नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत सगळी वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात गुडघाभर फुफाटा आणि पावसाळ्यात गाडीचं चाक मधल्या तुंब्यापर्यंत रुतणार. त्यामुळे मोटार दिवाळीनंतर सुरू व्हायची ती मिरगापर्यंत. पुढे पावसाळाभर ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी असायची आणि टपावर कोंबड्या बसायच्या. त्या दिवसांत गावात कुणी बाळंतीण अडली तर खाटेवर घालून तिला चालत न्यावं लागे. माझी धाकटी जाऊ अशीच वाटेत गेली. तेव्हापासून रस्ता हा आमच्या घरात नुसता धंद्याचा विषय राहिला नाही.

पेट्रोल नंदुरबारहून पत्र्याच्या डब्यांत यायचं. सरकारने पेट्रोलवर जादा कर बसवला होता आणि ते पैसे रस्त्यांसाठी वेगळे ठेवायचे, असं ठरलं होतं. हे आम्हाला सांगितलं माझ्या थोरल्या भावाने. दादा नंदुरबारला वकिली करायचा. वडील लवकर गेल्यामुळे त्यानेच मला वाढवलं, शाळेत घातलं, लग्नही त्यानेच लावून दिलं. त्याने सांगितलेलं खोटं असू शकतं, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

दादा लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याची एक सभा आमच्या गावात मारुतीच्या पारावर झाली. आम्ही बायका समोरच्या ओट्यावर बसलो होतो. दादाने यांच्या मोटारीतला पेट्रोलचा डबा मागवला, सगळ्यांना दिसेल असा उचलून धरला आणि म्हणाला, "या डब्यात तुमचा रस्ता आहे. मोटारीत बसणारा प्रत्येक माणूस त्याचे पैसे देतो. ते मुंबईला जातात. मला बोर्डावर पाठवा, मी ते परत आणतो." माणसं हसली, मग पुढे सरकून ऐकू लागली. आजवर असं सरळ करून कुणी सांगितलं नव्हतं. शेजारची बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली की तुझं माहेर आमच्या कामाला आलं. मला फार बरं वाटलं.

मतं पडली त्या दिवशी यांनी सकाळपासून मोटार पळवली आणि आसपासच्या गावांतून मतदार आणले. त्यासाठी कुणाकडून काही घेतलं नाही. दादा निवडून आला.

मग तो स्वतः ओव्हरसियरला घेऊन आला. खुंट्या मारल्या गेल्या. रस्ता सरळ न्यायचा तर आमच्या मळ्याच्या बांधावरची दोन आंब्याची झाडं मध्ये येत होती. ती माझ्या सासऱ्यांनी लावलेली. सासरे वारले, तरी सासूबाई त्यांच्या नावाने दर उन्हाळ्यात पहिला पाड आधी देवाला आणि मग त्या झाडांच्या बुंध्याशी ठेवायच्या. हे आणि माझे दीर, दोघंही त्यांना विचारायला धजेनात. शेवटी मी विचारलं. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तुन्हा भाऊ सांगस ना? मंग तोडा."

झाडं तोडली. ज्याच्या त्याच्या शेताची पट्टी लोकांनी आपणहून सोडली. बोर्डाने सांगितलं की खडी तयार असेल तर कामाला लवकर हात लागेल. म्हणून त्या उन्हाळ्यात घराघरांतून माणसं नाल्यातले दगड वेचून खडी फोडायला बसली. बायकाही बसल्या. माझ्याही हातांना फोड आले. वाटेच्या कडेने खडीचे ढीग लागले आणि पोरं त्यांच्यावरून घसरगुंडी खेळू लागली. पावसाळा गेला. दिवाळी गेली. रोलर काही आला नाही. दादाचा निरोप यायचा की मंजुरी वर गेली आहे.

एका सकाळी मी मळ्यात निघाले, तर वाटेवर ओळीने बैलगाड्या उभ्या आणि अनोळखी माणसं आमची खडी घमेल्यांनी भरत होती. मला वाटलं, काम सुरू झालं. मी हसून विचारलं की कुठून सुरुवात करणार. गाडीवान म्हणाला, ही खडी धानोऱ्याकडच्या रस्त्याला चालली, बोर्डाचा हुकूम आहे. गावातली माणसं जमली, थोडी बाचाबाची झाली, पण हुकूम दाखवल्यावर सगळे बाजूला झाले. आणि मग एकेकाने माझ्याकडे पाहिलं.

मी दुसऱ्याच दिवशी यांच्या मोटारीने नंदुरबारला गेले. हे म्हणाले, मी आत येत नाही, तू ये बोलून. दादा बैठकीत कागद चाळत होता. आम्ही बहीण-भाऊ घरात नेहमी अहिराणी बोलायचो. त्या दिवशी मात्र तो माझ्याशी कोर्टातली मराठी बोलू लागला.

"हे बघ, कर सगळेच देतात. रस्ता सगळ्यांना एकाच वेळी मिळत नाही. जिथे माल जास्त, तिथे आधी जातो."

मी म्हटलं, "दादा, तू डबा हातात धरून सांगितलं होतंस."

त्याने हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाला, "तुझ्या दारात रस्ता नेला असता तर लोक काय म्हणाले असते? मेहुण्याच्या मोटारीसाठी नेला, असंच ना? माझं तोंड कुठे राहिलं असतं? तुझ्यासाठीच मला मागे सरावं लागलं, असं समज."

खरं सांगायचं तर तेवढ्याने माझा राग निवळला. मला वाटलं, बरोबर आहे, तो नीतीने वागला आणि आपण बहीण असल्याचा गावाला फटका बसला. डोळे पुसून मी आत वहिनीकडे गेले. स्वयंपाकघरात परातीत खोबऱ्याच्या वाट्या, खारका, नवी लुगडी मांडलेली होती. मी सहज विचारलं, हे कशाचं. वहिनी गडबडली. मग म्हणाली की आपल्या मोठ्याची सुपारी फुटली, गेल्याच आठवड्यात. मुलगी कुणाची, तर धानोऱ्याच्या वाटेवर ज्यांचा कापसाची सरकी काढायचा नवा जिन निघाला होता, त्या जिनवाल्यांची.

ज्या भाच्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याच्या सुपारीला आत्याला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर रस्ता कुणीकडे वळला ते मला तेव्हाच कळलं असतं. वहिनीने चहा ठेवला होता. तो न घेता मी उठले. बैठकीतून जाताना दादाने मान वर केली नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला जेवायला वाढलं. त्या बोलल्या असत्या, माझ्या माहेराचा उद्धार केला असता, तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी धानोऱ्याकडचा रस्ता झाला. चांगला झाला. त्यावर बारा महिने मोटार चालू लागली. आमच्या वाटेवर मात्र मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्या तुटत, टायर फाटत. एक दिवस हे जेवताना म्हणाले की आपण मोटार तिकडच्या लाईनीवर टाकतो. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. तुम्हीसुद्धा, एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी मान खाली घातली. "मोटारले रस्ता लागस. मन्हा राग तिले समजस नही."

त्यांचं चुकलं, असं मी आजही म्हणू शकत नाही. पण मोटार गेली आणि गावाला उन्हाळ्यातसुद्धा पुन्हा बैलगाडीच आली. ज्यांनी जमिनीची पट्टी सोडली, खडी फोडली, ती माणसं पाणवठ्यावर माझ्याशी बेतानं बोलू लागली. त्यांच्या लेखी माझा भाऊ आणि माझा नवरा एकाच माळेचे मणी. जर्मनीशी लढाई सुरू झाल्यावर पेट्रोल मापून मिळू लागलं, लोकांनी मोटारींना कोळशाची भट्टी लावली. यांनीही लावली. आमच्या गावाला त्यातलं काहीच दिसलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. दादाने दर वर्षी मला न्यायला मुराळी पाठवला, मी दर वर्षी त्याला जेवू घालून परत लावून दिला. तिसऱ्या वर्षी दादा स्वतः आला, भर उन्हात, भाड्याच्या बैलगाडीतून. धुळीने त्याचा कोट पांढरा झाला होता. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, घोंगडी अंथरली. कुठल्याही पाहुण्याला देतात तसं. तो म्हणाला की पुढच्या खेपेला तुमच्या रस्त्याचं नक्की बघतो.

मी आत कोठीजवळ उभी होते. सासूबाई आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ लेवाले येल शे. जाय."

मी गेले. दादा वाटभर कोर्टातल्या गमती सांगत होता आणि या वेळी अहिराणीतच बोलत होता. मी हूं हूं करत होते. माहेरी झाडांना झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. मलाही झोक्यावर बसवलं. वहिनी मागून झोका देत विचारत होती की घरी सगळं बरं आहे ना. मी म्हटलं, बरं आहे. त्या दिवसापासून माझ्या घरचं सुख-दुःख मी दादाला कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.