वयाची रिकामी जागा

पेपरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला रोज एक पान लिहायचं होतं, बातमी सोडून काहीही. जमत नव्हतं. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. निबंधाच्या तासाला ती मुलांना विषयाच्या चिठ्ठ्या उचलायला लावायची. तेच तिने माझ्यासाठी केलं. केमोच्या दिवशी डाव्या हाताला सलाईन असताना उजव्या हाताने ती विषय लिहायची आणि घरी आल्यावर चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. सकाळी चहानंतर मी एक काढायची, जेवणाआधी पान तिला दाखवायचं.

पहिली चिठ्ठी 'अंबडचा भोंगा'. तिथल्या कारखान्यांत कोणत्या पाळीला तो किती वाजता होतो, ते मी लिहिलं. तिने खाली लाल पेनने शेरा मारला : बातमी. पुन्हा लिहा.

"अहो, भोंगा ऐकल्यावर तुम्हाला काय वाटतं?"

"सात वाजले असं वाटतं."

"धन्य आहे. मी असेपर्यंत तुमचं एक तरी पान मला वाचायचंय."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी उपचार थांबवायचं सुचवलं होतं.

पुढे एका चिठ्ठीवर 'तुमची बायको' असं निघालं.

शहरातलं कुणी मोठं माणूस गंभीर आजारी असलं की आमच्या डेस्कवर त्याचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवत. वय आणि वार यांची जागा रिकामी सोडायची, वेळ आली की भरायची. मी अर्ध्या तासात पान पूर्ण केलं. जन्म नामपूरचा, शाळेतली नोकरी, विद्यार्थी, मागे पती आणि एक मुलगी. लिहिताना काही वावगं वाटलं नाही.

तिने चष्मा लावून वाचलं. लाल पेन उचललं नाही.

"वयाची जागा का सोडलीत?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"तुमच्या पेपरला घाई दिसतेय," ती म्हणाली. "उद्या दुसरी काढा."

दुसरी काढली, तिसरीही. तिला आता वाचवत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवायचो. तिसरं पान अर्ध्यावर आलं तेव्हा तिने हाताने थांबवलं. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

दुपारी डेस्कवरून फोन आला. "सर, वहिनींवर चार ओळी मिळतील?"

मी तोच कागद काढला, वय आणि वार भरला आणि पाठवला. छापताना एक शब्दही बदलावा लागला नाही.

डब्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या महिन्यात संपल्या. 'तुमची बायको' ही मी परत टाकली होती, तेवढी उरली आहे. चहानंतर ती काढतो. जेवणाआधी घडी घालून परत ठेवतो.